आयर्लंडमधील गुप्तधनाच्या दंतकथा: हंडा हाती का लागत नाही?

कॉर्क परगण्यात राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्याच्या रानात काटेरी झाडांनी वेढलेला मातीचा एक गोल बांध आहे. त्याच्या आत डेन लोकांनी, म्हणजे समुद्रावरून चालून आलेल्या व्हायकिंगांनी, सोन्याचा हंडा पुरून ठेवला असून एक काळा बैल त्याची राखण करतो, असे तो शेतकरी गंभीरपणे सांगतो. मात्र त्याच्या घराण्यातील कोणीही तेथे आजवर कुदळ मारलेली नाही. या गोष्टीत तथ्य किती, आणि सोने आहे असे वाटत असूनही ही माणसे खणत का नाहीत?

पहिल्या भागाचे उत्तर लवकर देता येते. तो बांध जुना आणि खरा आहे. तो डेन लोकांनी बांधलेला नाही. आणि त्याच्या पोटात सोने असण्याची शक्यता फार थोडी आहे. दुसऱ्या भागाला मात्र सविस्तर उत्तर हवे, कारण लोककथांच्या अभ्यासात इतकी वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की न खणणे हाच या दंतकथेचा गाभा आहे. सोने कुठे आहे हे ती जाता जाता सांगते. ते तेथेच का राहिले आणि का राहू द्यावे, हे मात्र ती अतिशय बारकाईने सांगते.

आधी त्या बांधाविषयी. आयरिश भाषेत अशा जागेला रॅथ किंवा लिस म्हणतात आणि इंग्रजीत रिंगफोर्ट. संपूर्ण बेटावर अशा सुमारे ४५,००० जागा आहेत, म्हणजे ग्रामीण भागात जवळजवळ प्रत्येकाच्या चालण्याच्या टप्प्यात एखादी येतेच. बहुतेकींचा काळ साधारण सहावे ते दहावे शतक असा आहे. नाव किल्ल्याचे असले तरी त्या बहुतांशी खात्यापित्या शेतकरी कुटुंबांच्या वस्त्या होत्या: सभोवती खंदक आणि बांध, आत लाकडाचे किंवा कुडाचे गोल घर आणि रात्री बंदोबस्तात ठेवलेली गुरे. त्या समाजात श्रीमंती गाईंमध्ये मोजली जात असे. उत्खननात तेथे खांबांचे खड्डे, जनावरांची हाडे, लोखंडी अवजारे आणि काचेचे मणी सापडतात. वस्ती उठून गेल्यावर या जागा लोकसमजुतीत परीलोकांच्या झाल्या. येथील परीलोक हे पंख असलेले नाजूक जीव नव्हेत. ते माणसांएवढेच मानी, आणि दुखावले तर सूड उगवणारे शेजारी आहेत. त्यामुळे बांधावरचे झाड तोडू नये, तेथील दगड घरी आणू नये, आत नांगर घालू नये, हे नियम आपोआप आले. गुप्तधनाची कथा याच जागेवर येऊन बसते आणि त्या नियमांना आणखी बळ देते.

या कथांचा सर्वांत मोठा साठा शाळकरी मुलांनी जमवला, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. १९३५ मध्ये आयरिश लोककथा आयोग स्थापन झाला. शेमस ओ ड्युलर्गा त्याचे संचालक होते आणि शॉन ओ'सुलिव्हन दप्तरप्रमुख. १९३७ ते १९३९ या काळात आयोगाने शिक्षकांच्या सहकार्याने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांमधील वरच्या वर्गांच्या मुलांना कामाला लावले. मुलांनी निबंधाऐवजी घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी वहीत उतरवायच्या होत्या आणि त्यासाठी विषय ठरवून दिलेले होते. त्यांपैकी एक विषय होता गुप्तधन. एकूण संग्रह सुमारे ७,४०,००० पानांचा झाला. त्यांतील साडेचार लाखांच्या आसपास पाने बांधलेल्या खंडांत असून उरलेली मुलांच्या मूळ वह्यांत आहेत. आयोगाचा हा सारा संग्रह आज डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जपलेला आहे आणि २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत त्याचा समावेश केला.

या वह्यांमधील गुप्तधनाची नोंद बहुधा एका पानाची असते. वळणदार अक्षरात जागेचे नाव, कोणाच्या शेतात, कोणत्या झाडापासून किती अंतरावर, धन कोणी आणि कधी पुरले, कोणी खणून पाहिले आणि त्याचे काय झाले, एवढे त्यात येते. खाली सांगणाऱ्या आजोबांचे किंवा शेजाऱ्याचे नाव आणि वय. इंद्रधनुष्याच्या टोकाशी ठेवलेले सोन्याचे मडके भेटकार्डांवर फार दिसते, पण या वह्यांमधले सोने कोणत्याही धूसर ठिकाणी नसते. ते अमक्याच्या कुरणात, तमक्या शिळेखाली असते. लेप्रेकॉन हा परीलोकांचा बुटका चांभारही येतो. त्याला घट्ट धरून ठेवले आणि नजर हटवली नाही, तर तो सोन्याची जागा दाखवतो. पण तो युक्तीने माणसाला मागे वळून पाहायला लावतो आणि निसटतो. तथापि लेप्रेकॉनच्या कथेतला तोटा हलकाफुलका असतो. पुरलेल्या धनाच्या कथा त्यापेक्षा खूपच गडद आहेत.

त्यांचा नेहमीचा घाट असा आहे. एका माणसाला लागोपाठ तीन रात्री तेच स्वप्न पडते. तो दोन विश्वासू सोबत्यांना घेऊन मध्यरात्री जागेवर जातो. कोणी पवित्र पाणी नेतो, कोणी काळ्या मुठीची सुरी, कोणी पाद्रीबाबांनाच सोबत बोलावतो. काम संपेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, अशी अट असते. कुदळ सपाट शिळेवर आदळते आणि त्याच क्षणी वारा उठतो, किंवा बांधावरून बैल डुरकत चालून येतो. कुठे काळे मांजर येते, कुठे कुत्रा, तर कुठे शिर नसलेला माणूस. घाबरून एकाच्या तोंडून देवाचे नाव निघते आणि शिळा खोल निघून जाते. अनेक कथांमध्ये खणणाऱ्याला दूरवर स्वतःचे घर पेटलेले दिसते. तो कुदळ टाकून जिवाच्या आकांताने धावत सुटतो, तर घर जसेच्या तसे असते, बायकामुले शांत झोपलेली असतात, आणि परत येऊन पाहिले तर खड्डा बुजलेला असतो. कधी धन हाती लागते, पण सकाळी त्याची वाळलेली पाने किंवा दगडगोटे झालेले असतात. कधी खणणाऱ्याचे तोंड वाकडे होते, किंवा वर्षाच्या आत घरातले कोणीतरी जाते.

पेटलेल्या घराचा हा प्रसंग मला साऱ्या परंपरेतला सर्वांत सूक्ष्म वाटतो. राखणदाराने येथे बळ वापरलेले नाही. त्याने माणसापुढे निवड ठेवली: शिळेखालचे सोने की घरातली माणसे. माणूस एका क्षणात निवड करतो आणि ती योग्यच करतो. कथा सांगणारे आजोबा या माणसाला मूर्ख म्हणत नाहीत, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

राखणदार तेथे आला कसा, याचेही उत्तर कथांमध्ये आहे आणि ते भीषण आहे. धन पुरणारे लोक खड्ड्याभोवती उभे राहतात आणि त्यांचा म्होरक्या विचारतो, आम्ही परत येईपर्यंत हे कोण सांभाळील? एखादा भोळा गडी पुढे होऊन म्हणतो, मी सांभाळीन. त्याबरोबर त्याचे शिर उडवले जाते आणि त्याला हंड्याशेजारी पुरले जाते. शब्द दिलेला असल्यामुळे तो मेल्यावरही पहारा सोडू शकत नाही. म्हणूनच कित्येक ठिकाणी सांगतात की ते सोने एका जिवाच्या बदल्यातच बाहेर येईल. पुरताना एक जीव गेला, काढताना एक जाईल, असा हा हिशेब आहे. शेजारच्या शेतकऱ्याने बैलाचा उल्लेख केला तेव्हा तो केवळ भीती सांगत नव्हता. त्या सोन्यावर आधीच कोणाचे तरी रक्त आहे, ही जाणीव त्या बैलाच्या रूपाने पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. न खणणे म्हणजे त्या व्यवहारात सामील व्हायला नकार देणे होय.

आता डेन लोकांविषयी. कथांमध्ये धन पुरणाऱ्यांत संकटकाळातले भिक्षू आहेत, सतराव्या शतकात इंग्लंडहून चालून आलेल्या क्रॉमवेलच्या सैन्यापुढे पळणारे सरदार आहेत, वाटमारे आहेत, १५८८ मध्ये किनाऱ्यावर फुटलेल्या स्पॅनिश आरमाराची जहाजे आहेत. पण डेन लोकांची जागा यांत फार मोठी आहे. ते हरले, घाईने गेले आणि सोबत नेता आले नाही ते पुरून गेले, अशी धारणा आहे. त्यांच्या वंशजांकडे आजही आयर्लंडमधील जागांचे नकाशे आहेत, असे सांगतात. एखादा परका पाहुणा गावात एक रात्र राहतो, पहाटे नाहीसा होतो आणि बांधाजवळच्या ताज्या खड्ड्यात हंड्याचा गोल ठसा तेवढा उरलेला दिसतो. हीदर या रानझुडुपाच्या फुलांपासून बिअर काढण्याचे गुपित जाणणाऱ्या शेवटच्या डेन बापलेकांची कथा याच जातीची आहे. बाप म्हणतो, आधी मुलाला मारा, मग सांगतो. मुलगा मेल्यावर तो हसून म्हणतो की मुलगा कदाचित फुटला असता, मी फुटणार नाही. गुपित त्याच्याबरोबर जाते. जमीन आपल्या ताब्यात आली, पण तिच्यातला काही भाग आधीच्या लोकांचाच राहिला, ही भावना दोन्ही कथांच्या मुळाशी आहे. ज्या देशात शतकानुशतके जमिनीचे मालक सक्तीने बदलत गेले आणि कसणारे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बहुतांशी कुळेच राहिले, तेथे ही भावना इतकी खोल जावी यात मला नवल वाटत नाही.

व्हायकिंगांनी सोने पुरले ही गोष्ट मात्र निराधार नाही. लॉक री सरोवरातील हेअर बेटावर १८०२ मध्ये जड सोन्याच्या बाहुवळ्यांचा साठा सापडला होता आणि तो वितळवला गेला. कथा चुकते ती जागेच्या बाबतीत.

या साऱ्या अपयशांमध्ये एक प्रकार मात्र यशस्वी ठरतो. एका गरिबाला स्वप्न पडते की लिमरिकच्या पुलावर गेलास तर तुझे नशीब उघडेल. तो पायी जातो आणि पुलावर दिवसभर उभा राहतो. अखेर एक माणूस विचारपूस करतो आणि हसतो: स्वप्नांवर विश्वास ठेवायचा तर मलाही रोज दिसते की अमक्या गावी अमक्याच्या घरामागच्या झाडाखाली सोने आहे! ते वर्णन या गरिबाच्याच घराचे असते. तो गुपचूप परततो, खणतो आणि हंडा काढतो. झाकणावर अनोळखी अक्षरे असतात. पुढे एक फिरता विद्यार्थी घरी उतरतो आणि वाचून दाखवतो की दुसऱ्या बाजूलाही असाच हंडा आहे. ही कथा आयर्लंडची एकट्याची नाही. तिची रूपे फारसी आणि अरबी साहित्यापासून इंग्लंडपर्यंत पसरलेली आहेत, आणि माझ्या मते म्हणूनच तिचा शेवट गोड आहे. ती करमणुकीसाठी फिरत आलेली गोष्ट आहे. तिच्यात राखणदार नाही, रक्त नाही आणि गावातल्या खऱ्या बांधाशी तिचा संबंधही नाही.

मानवशास्त्रज्ञ जॉर्ज फॉस्टर यांनी १९६४ मध्ये मेक्सिकोतील एका खेड्याच्या अभ्यासातून असे मांडले की, संपत्ती ठरावीकच आहे असे मानणाऱ्या समाजात कोणी अचानक वर आला, तर त्याला गुप्तधन सापडले असे म्हणून गाव ती विसंगती मिटवते. आयर्लंडमध्येही हे दिसते: कोणी नवे छप्पर घातले, जमीन घेतली, की त्याच्या आजोबाला हंडा सापडला होता, अशी कुजबुज निघते. पण हे स्पष्टीकरण यशाच्या कथांना लागू पडते, आणि आयरिश कथांमध्ये हात हलवत परत येण्याच्याच कथा जास्त आहेत. त्यामुळे फॉस्टर यांचा सिद्धांत येथे पूर्णपणे लावू नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो आहे.

आता प्रत्यक्ष सोन्याकडे वळू. आयर्लंडच्या मातीत सोने खरोखर आहे, पण ते ज्यांना सापडले ते बहुतेक जण दुसरेच काही करत होते. १८५४ मध्ये क्लेअर परगण्यात मूहॉनजवळ रेल्वेमार्गाचे काम करणाऱ्या मजुरांना कांस्ययुगातील शेकड्याहून अधिक सुवर्णवस्तू मिळाल्या. त्यांतील बहुतेक विकल्या जाऊन मुशीत गेल्या. १८६८ मध्ये लिमरिक परगण्यातील आर्डा येथे एका रॅथमध्ये बटाटे खणणाऱ्या मुलाला आठव्या शतकातील चांदीचा तो अप्रतिम चषक, आणखी एक साधा चषक आणि चार ब्रोच सापडले. येथे जागा खरोखरच रॅथची होती, परंतु बैल आला नाही आणि वादळही उठले नाही.

१८९६ मधील ब्रॉयटरचा साठा तर कथा आणि कायदा यांच्या विलक्षण भेटीचे उदाहरण आहे. डेरी परगण्यात लिमाव्हाडीजवळ दोन गडी एकामागोमाग नांगर चालवून जमीन खोल फोडत होते. तेथे सोन्याचे कंठभूषण, साखळ्या, वाडगा आणि वल्ह्यांसह घडवलेली एक छोटी नाव मिळाली. वस्तू एका संग्राहकामार्फत ब्रिटिश म्युझियमकडे गेल्या आणि वाद न्यायालयात पोहोचला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे, परत नेण्याच्या हेतूने धन पुरलेले असेल तर ते राजसत्तेचे. देवाला वाहून सोडून दिलेले असेल तर तो हक्क लागत नाही. म्हणून म्युझियमच्या वतीने असा युक्तिवाद झाला की त्या काळी तेथे पाणी होते आणि ही नाव समुद्रदेव मॅनन्नान मॅक लिर याला अर्पण केलेली होती. १९०३ मध्ये न्यायमूर्ती फारवेल यांनी तो फेटाळला आणि वस्तू डब्लिनला परत आल्या. आज अनेक पुरातत्त्वज्ञ अर्पणाची कल्पना अधिक संभवनीय मानतात. माझाही कल तिकडेच आहे, तरी वस्तू डब्लिनला आल्या याचा मला मनापासून आनंद आहे.

कथेमुळे सोने मिळाले असे एक प्रसिद्ध उदाहरण आहे, आणि ते डोनेगल परगण्यातील बॅलीशॅननचे. विल्यम कॅम्डेन यांच्या 'ब्रिटानिया' या ब्रिटन-आयर्लंडच्या वर्णनग्रंथाच्या १६९५ मधील इंग्रजी आवृत्तीत ते नोंदवलेले आहे. डेरीचे बिशप जेवायला बसले असताना एका वीणावादकाने आयरिश गीत म्हटले. बिशपना आयरिश येत नव्हती. अर्थ विचारल्यावर समजले की अमक्या जागी एक महाकाय पुरुष पुरलेला असून त्याच्या छातीवर आणि पाठीवर सोन्याचे पत्रे आहेत. ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी तेथे खणले आणि सोन्याच्या दोन पातळ चकत्या काढल्या. त्यांतील एक आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात आहे; ती चार हजार वर्षांहून जुनी आहे. गीताने एवढा काळ स्मृती जपली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. जुन्या थडग्यांजवळ पूर्वीही कोणाला सोने मिळाले असणार आणि त्या अनुभवातून अशी गीते त्या जागांना चिकटली असणार, एवढेच सुरक्षितपणे म्हणता येते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण धनाच्या कथेने नासधूस झाल्याचीही उदाहरणे आहेत. १८९९ ते १९०२ या काळात ब्रिटिश इस्रायलाइट पंथाच्या, म्हणजे ब्रिटिश लोक प्राचीन इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्यांचे वंशज आहेत असे मानणाऱ्या लोकांनी, बायबलमधील कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या शिळा ठेवलेली पवित्र पेटी, आयर्लंडच्या जुन्या राजांच्या टारा टेकडीत पुरलेली आहे, या समजुतीने तेथील एक प्राचीन रॅथ खणून काढला. डग्लस हाइड आणि जॉर्ज मूर हे लेखक आणि कवी येट्स यांनी १९०२ मध्ये लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात जाहीर निषेध केला. कोश मिळाला नाही. रॅथचे नुकसान मात्र कायमचे झाले. हे खणणारे बाहेरचे होते. त्यांच्याकडे धनाची कथा होती, राखणदाराची नव्हती. मला या दोहोंतला फरक फार महत्त्वाचा वाटतो.

त्या बांधाजवळ मेटल डिटेक्टर घेऊन जाण्याचा विचार असेल, तर तो कृपया सोडून द्यावा. १९८० मध्ये टिपरेरी परगण्यात डेरीनाफ्लन येथे, दलदलीतल्या ज्या जुन्या मठाच्या जागी दंतकथेतला महान कारागीर गोबान सेर पुरला आहे असे मानतात तेथे, एका पितापुत्राला अशाच यंत्राने चषक, तबक आणि गाळणी असा साठा मिळाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८७ मध्ये मालकी राज्याची ठरली आणि शोधणाऱ्यांना ५०,००० पौंडांचे बक्षीस मिळाले. मूल्यांकन लाखोंत झाले होते. त्याच वर्षीच्या कायद्याने परवानगीशिवाय पुरावस्तू शोधण्यासाठी असे यंत्र वापरणे गुन्हा ठरवले, आणि १९९४ च्या कायद्याने मालक अज्ञात असलेली सापडलेली पुरावस्तू राज्याची असल्याचे स्पष्ट करून ९६ तासांच्या आत कळवण्याचे बंधन घातले.

त्यापेक्षा एक काम करता येईल. शाळकरी मुलांचा संग्रह डूकस या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. तेथे परगणा आणि शाळेनुसार शोध घ्यावा, कारण नोंदी शाळेच्या नावाखाली लावलेल्या आहेत. आपल्या टाउनलँडची, म्हणजे साधारण आपल्या वाडीएवढ्या जमिनीच्या तुकड्याची, जवळची शाळा आधी शोधावी. नाव सापडले नाही तर स्पेलिंग बदलून पाहावे. उत्तरेकडील सहा परगणे या मोहिमेत नव्हते, पण कॉर्कची नोंद भरपूर आहे. त्या बांधाची नोंद मिळाली, तर ती छापून शेजाऱ्यांना वाचायला द्यावी आणि त्यांच्या घरी ती गोष्ट कशी सांगतात हे लिहून घ्यावे. आज त्यांच्या गोष्टीत राखणदार बैल आहे की आणखी कोणी, आणि १९३८ च्या सुमारास सांगणाऱ्याने कोण सांगितला होता, हे ताडून पाहावे. त्यांची संमती असेल तर ते टिपण डब्लिनच्या संग्रहाकडे पाठवता येईल.